पांढऱ्या टोपीचा ड्रायव्हर

बन्सीलाल नानांनी उभ्या आयुष्यात गवत हातात धरलं ते उपटण्यासाठीच. सावद्याकडची त्यांची केळीची बाग इतकी स्वच्छ असे की, नानांच्या वाफ्यात पानं मांडून पंगत बसवावी, असं गावातले लोक म्हणत. त्यामुळे देवपूरला मुलीकडे राहायला आल्यावर त्यांना जो धक्का बसला तो बसायलाच हवा होता. जावयानं, म्हणजे ललितनं, वस्ती संपते तिथल्या आपल्या अडीच एकरांतली कपाशी मोडून तिथं चक्क गवत लावलं होतं. त्याला तुषार सिंचनानं पाणी देत होता. वर खत टाकत होता.

"जावाईबापू, गवताले खत?" नानांनी दबक्या आवाजात विचारलं. घरात कोणी आजारी असल्यावर विचारतात तसं.

"नाना, हे लॉन आहे. इथं लग्नं होतात, साखरपुडे होतात. लोकांना हिरवळ लागते."

"लग्नं आमच्याकडी बी होतात. पण नवरदेव काही चरत न्हई."

ललित हसला. तो हसण्यापलीकडे काही करू शकत नव्हता, कारण समोर सासरे होते. नाना मात्र दोन दिवस अस्वस्थ होते. सकाळी उठून लॉनच्या कडेनं फेऱ्या मारत आणि हात पाठीमागे घट्ट बांधून ठेवत, कारण मोकळे सोडले की ते आपोआप खाली जाऊन गवत उपटू लागत. मोनालीनं त्यांना एकदा रंगेहाथ पकडलंही होतं.

"नाना, अहो, ते पैसे देऊन लावलंय!"

"व्हय व्हय. सवय हाये, जाता जात न्हई."

तिसऱ्या दिवशी शेडमधून ललितनं ती लाल गाडी बाहेर काढली आणि नानांच्या अस्वस्थपणाला एकदम वाट मिळाली. नाशिकच्या एका बंद पडलेल्या हॉटेलाकडून ललितनं ती जुनी घेतली होती. गवत कापायची, पण बसून चालवायची. चार चाकं, स्टिअरिंग, गिअर, पोटाखाली गरगर फिरणारं पातं आणि बाजूला कापलेलं गवत बाहेर फेकणारं तोंड. दिसायला ट्रॅक्टरच्या घरी नुकतं जन्मलेलं लेकरू. नाना तिच्याकडे बघतच राहिले. गेल्या पोळ्यापासून त्यांच्या मुलानं, योगराजनं, घरचा ट्रॅक्टर स्वतःकडे घेतला होता. 'नाना, आता तुम्ही बांधावर बसून सांगा, आम्ही करतो,' असं तो म्हणाला होता. नाना बांधावर बसून सांगत होते, पण ऐकत कोणी नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी लॉनवर साखरपुडा होता. भडगावचे ज्ञानेश्वर आप्पा, त्यांची मुलगी दिपमाला, मुलगा देवपूरचाच. तीनशे माणसं येणार होती. सगळं मनासारखं झालं तर मे महिन्यातलं लग्नही इथंच करू, असं आप्पा बोलून बसले होते. ललितच्या लॉनचा हा पहिलाच मोठा कार्यक्रम. त्यानं पहाटेपासून धावपळ करून, दव वाळल्यावर गवत कापायला घेतलं आणि दोन तृतीयांश कापून झालं तेवढ्यात फोन आला की भाड्याचा जनरेटर चाळीसगाव रोडवर टेम्पोसकट बंद पडलाय.

"छगन, उरलेलं तू हातमशीननं उरक," ललित गाडीवरून उतरत म्हणाला.

छगन लॉनचा माळी. त्यानं उरलेल्या गवताकडे पाहिलं, मग सूर्याकडे पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

"हातमशीन काहून?" नाना पुढे झाले. "मी हाये ना. चाळीस वर्सं टॅक्टर चालवला. हे तं खेळणं हाये."

ललितनं मोनालीकडे पाहिलं. मोनालीनं ललितकडे पाहिलं. सासऱ्यांना नाही म्हणायचं काम जावयाचं नसतं, मुलीचं असतं. पण नानांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला होता की मोनालीच्याही तोंडून नकार निघेना.

"मग आधी हे ऐका," ती म्हणाली आणि शेडच्या दाराला टांगलेला पुठ्ठा काढून आणला. मशीनबरोबर आलेलं पुस्तक वाचून तिनं स्वतः त्यावर मार्करनं मराठीत सूचना लिहिल्या होत्या. "कापण्याआधी दगड, काड्या, दोऱ्या वेचायच्या. गाडीवर एका वेळी एकच माणूस. उतरण्यापूर्वी पातं बंद करायचं, गिअर न्यूट्रल, ब्रेक लावायचा, चावी काढून खिशात. आणि जवळपास कोणी असेल तर कापायचं नाही. कळलं?"

"कळलं," नाना म्हणाले. ते तोवर सीटवर बसलेही होते.

"आणि बॅटरी जरा कमजोर आहे, नाना," ललित जाताजाता म्हणाला, "सारखी बंद-चालू करू नका."

गाडी सुरू झाली आणि नानांना स्वर्ग दोन बोटं उरला. ज्या गवतानं साठ वर्षं पाठ मोडली, तेच गवत आता बसल्याजागी पट्ट्यापट्ट्यानं आडवं होत होतं. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला समोर मंडपवाल्यांची दोरी पडलेली दिसली. नानांनी क्लचचं पेडल दाबून त्याचा हूक अडकवला, ट्रॅक्टरवर असताना उतरत तसे सहज उतरले, आणि गाडी फुस्सकन बंद पडली.

"काय झालं इले?"

"नाना, हाई मशीन माणूस उठताच बंद पडस," छगन म्हणाला. "सीटखाले खटका शे. कोनी बठेल नही म्हंजे चालाव नही. तिले तशीच बनाडेल शे."

"काहून?"

"पातं फिरी राहयनं आन माणूस खाले, म्हंजे पाय तुटी जाई ना."

"माह्या टॅक्टरनं कधी असा रुसवा केला न्हई," नाना म्हणाले. दोरी बाजूला टाकली, बसले, पातं खाली-वर केलं, चावी फिरवली. गाडी दोनदा खोकून सुरू झाली. दहा पावलांवर एक वीट. पुन्हा उतरले, पुन्हा बंद. मग प्लॅस्टिकचे ग्लास. मग पाण्याची नळी. सहाव्या वेळी चावी फिरवल्यावर गाडी चार वेळा खोकली आणि मग कुठे नाइलाजानं सुरू झाली. आणखी दोनदा असं झालं तर बॅटरी बसणार आणि अर्धवट दाढी केल्यासारखं हे लॉन संध्याकाळी तीनशे लोकांना दिसणार, हे नानांना स्पष्ट दिसू लागलं. आधी सगळं वेचून मग कापायचं, ही मोनालीची पहिली सूचना त्यांना आठवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नानांच्या डोक्यात त्या वेळी दुसरीच गोष्ट आली.

लॉनच्या कडेला आचारी तोताराम याचा टेम्पो लागला होता. जेवणाला वरण-बट्टी आणि भरिताचा बेत होता. बट्टीच्या जाडसर पिठाची पोती टेम्पोतून उतरवून ओळीनं मांडून ठेवली होती. पन्नास किलोंचं एकेक पोतं, तोंड बांधून उभं केलेलं.

"छगन," नाना म्हणाले, "त्या खटक्याले माणूस पाह्यजे का वजन पाह्यजे?"

छगन विचारात पडला. "वजनच लागत व्हई."

"मंग धर एका बाजूनं."

नाना अंगानं काटकुळे. सीट मोठी, पाठ उंच. नाना पुढे सरकून बसले की मागे एक पोतं आरामात उभं राहत होतं. आता नाना उतरले तरी पोतं बसलेलंच, वजन तेवढंच, खटका दाबलेलाच.

"नाना, मॅडमनी लिखेल शे, गाडीवर एकच माणूस बठाले पाहिजे."

"पोतं काय माणूस हाये?"

"मी काही देखं नही आन मी कोनले काही सांगाव नही," एवढं म्हणून छगन लांब जाऊन उभा राहिला.

आणि गंमत म्हणजे युक्ती चालली. नाना पेडल दाबून हूक अडकवायचे, उतरायचे, वाटेतला दगड फेकायचे, परत येऊन बसायचे. इंजिन सुरू, पातंही सुरू, गाडी शहाण्या बैलासारखी उभी. तीनदा असं झालं. चौथ्या वेळी समोर पाण्याच्या नळीचं भलंमोठं वेटोळं आलं. ऊन चढलं होतं, वाकायचं काम होतं. नानांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून पोत्याच्या बांधलेल्या तोंडावर ठेवली, खांद्यावरचं उपरणं पोत्याच्या खांद्यावर टाकलं आणि ते नळी गुंडाळायला पंधरा पावलं पुढे गेले.

इतका वेळ पोत्याला नानांच्या पाठीचा आधार होता. आता तो बराच वेळ नव्हता. इंजिनाच्या थरथरीनं पोतं हळूहळू पुढे कलू लागलं, डुलकी लागलेल्या माणसासारखं. कलता कलता स्टिअरिंगवर छाती टेकून स्थिरावलं आणि त्याचा खालचा कोपरा पेडलच्या हुकावर पडला. हूक सुटला. गाडी गिअरमध्येच होती. ती निघाली.

नानांना आवाज बदललेला कळला. त्यांनी मान वर केली तर टोपी घातलेलं, उपरणं घेतलेलं पोतं गाडी घेऊन चाललेलं होतं.

"हो! हो! थांब!" नाना ओरडले. बैलांना ओरडतात तसंच. गाडीनं ऐकलं नाही.

वेग फारसा नव्हता, माणूस झपाझप चालतो तेवढाच. पण पोटात पातं फिरत होतं आणि स्टिअरिंगवर पन्नास किलोंचा भार असल्यानं गाडी एका मोठ्या, ठाम वळणानं स्टेजच्या दिशेनं निघाली होती. वाटेत मंडपवाल्यांनी झेंडूच्या फुलांचा ढीग घातला होता. गाडी त्यावरून गेली आणि बाजूच्या तोंडातून केशरी कारंजं उडालं. मंडपवाले हातातली कामं टाकून टेबलांवर चढले. तोताराम झारा उगारून कढईसमोर उभा राहिला, पण गाडीनं त्याच्याकडे ढुंकूनही न बघता वळण पुढे चालू ठेवलं. छगन मागे धावत ओरडत होता, पण स्पीकरवाल्यानं नेमकी तेव्हाच चाचणी सुरू केली होती आणि सगळ्या आवारात फक्त "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" एवढंच ऐकू येत होतं.

नाना मागून धावत होते. आधी त्यांना वाटलं, उडी मारून चढावं. मग खालचं पातं दिसलं, आणि आपण एकोणसत्तर वर्षांचे आहोत हेही आठवलं. तेवढ्यात गाडी कुठे चाललीय हे त्यांना दिसलं.

स्टेजच्या सावलीत एक म्हातारी खुर्चीवर बसली होती. ज्ञानेश्वर आप्पांची आई, तानुबाई. नात तयार व्हायला पार्लरमध्ये गेली म्हणून घरच्यांनी त्यांना लवकरच इथं आणून बसवलं होतं. मोतीबिंदूमुळे त्यांना माणसं आकारावरून ओळखावी लागत. समोरून एक भरल्या अंगाचा, पांढऱ्या टोपीचा माणूस गाडी चालवत शांतपणे येतोय, हे त्यांना दिसत होतं. तो वळवेल की आता, या विश्वासानं त्या जागच्या हलल्या नाहीत. उलट त्यांनी हात वर करून त्याला रामराम केला.

मंडपाचा एक लांब बांबू आडवा पडला होता. नानांनी तो उचलला. आणि धावता धावता त्यांच्या डोक्यात लख्खकन पडलं की या गाडीला थांबवायची एकच जागा आहे, तिची सीट. वजन गेलं की ती रुसणार. ज्या रुसव्याला ते सकाळपासून शिव्या देत होते, तो आता त्यांना देवासारखा आठवला. बाजूनं, पात्यापासून लांब राहून, त्यांनी बांबू पोत्याच्या बरगडीत खुपसला. पोतं डुललं. पुन्हा खुपसला. टोपी उडाली. तिसऱ्यांदा नानांनी सगळा जीव काढून रेटा दिला आणि पोतं सीटवरून धप्पकन पलीकडे कोसळलं.

गाडी फुस्स करून जागच्या जागी थांबली. तानुबाईंच्या खुर्चीपासून चार हातांवर.

नाना मटकन गवतावर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना गवत मऊ लागलं. छगन पाण्याचा तांब्या घेऊन आला. एक घोट घेतल्यावर नाना पुढचं बोलले, ते असं:

"जावाईबापूले हे कळता कामा नये. मी आपल्या तोंडानं सांगीन, उद्या. आज त्यायचा दिवस हाये."

छगननं आणि तोतारामनं पोत्याचे दोन-दोन कान धरले आणि ते उचलून स्वयंपाकाच्या राहुटीत नेलं. नानांनी पातं बंद केलं, गिअर काढला, चावी खिशात घातली. झेंडूचा चुरा कापलेल्या गवतावर सारखा पसरला होता, तो तसाच ठेवला. उरलेली पट्टी छगननं हातमशीननं कापली आणि नाना त्याच्यापुढे वाकून काड्या वेचत राहिले. दुपारी ललित जनरेटर घेऊन आला, तेव्हा लॉन एकसारखं हिरवं होतं.

"नाना, कमाल केली तुम्ही!" तो म्हणाला.

नाना आणखी एक काडी वेचायला वाकले.

संध्याकाळी सहाला मुलाकडची मंडळी आली. दिपमाला गर्द हिरवा शालू नेसून स्टेजवर बसली. अंगठ्यांचं तबक आलं, फोटोवाला गुडघ्यावर बसला, आणि पहिल्या रांगेतून तानुबाईंचा खणखणीत आवाज आला.

"थांबा! आंगठी मंग. पहिले तो माणूस मन्हा समोर लया!"

ज्ञानेश्वर आप्पा स्टेजवरून खाली आले. "आई, कोणता माणूस?"

"तो गाडीवाला! भरेल आंगना, पांढरी टोपीवाला. बिचारा गपचूप आपलं काम करी राहयना व्हता, एक सबद बोलना नही. आन एक वाळेल म्हातारा बांबू लीसन उना आन त्याले मारं! तीन डाव मारं! बिचारा खाले पडना तो उठनाच नही. मंग दोन जन हातपाय धरीसन त्याले लई गयात. जित्ता शे का मरना, कोनी सांगत नही. असा ठिकाणवर मन्ही नातनं कार्य व्हवाव नही!"

तीनशे माणसांच्या माना तानुबाईंकडे वळल्या. मुलाकडचे एक काका हळूच म्हणाले की, हे प्रकरण पोलिसात जायला पाहिजे. आप्पांनी ललितकडे पाहिलं. ललितचा चेहरा पांढरा पडला, कारण त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि आजी इतक्या तपशिलानं सांगत होत्या की खोटं वाटण्यासारखं नव्हतं.

"आमच्याकडे असा कोणी माणूसच नाही, आप्पा," तो म्हणाला. "छगन आहे, तो हा. आणि हा तर बारीक आहे."

छगन खाली मान घालून उभा होता. त्यानं कोणाला काही सांगणार नाही असा शब्द दिला होता आणि तो पाळत होता.

मागच्या रांगेत बसलेले नाना उठले. उद्या सांगायचं ठरवलं होतं, पण उद्यापर्यंत हे कार्य टिकेल असं दिसत नव्हतं. त्यांनी टोपी नीट केली, उपरणं खांद्यावर घेतलं आणि ते पुढे आले.

"आक्का," ते म्हणाले, "तो बांबूवाला म्हातारा मी."

तानुबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. डोळे बारीक करून त्यांनी नानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि त्यांचा आवाज आणखी चढला.

"आन हाई टोपी तर त्यानीच शे! उपरणं बी त्यानंच! अरे, मारं ते मारं, टोपी बी काढी लिधी!"

मागच्या रांगांत कुजबुज वाढली. मोनालीनं कपाळाला हात लावला. आपल्या बापाला ती चांगली ओळखत होती. पुठ्ठ्यावरची कोणती ओळ मोडली गेली असेल याचा ती मनातल्या मनात शोध घेऊ लागली होती.

नानांनी मग काही लपवलं नाही. दोरी, वीट, ग्लास, बॅटरी, सीटखालचा खटका, सगळं क्रमानं सांगितलं. पोत्यावर टोपी ठेवली इथपर्यंत आले तेव्हा पुढच्या दोन रांगा हसू दाबत होत्या. आक्कांच्या खुर्चीकडे गाडी निघाली हे सांगताना मात्र त्यांचा आवाज बारीक झाला. "माही चूक झाली," ते म्हणाले. "पोरीनं लिहून ठेवलं व्हतं. मी वाचणाऱ्यातला न्हई, चालवणाऱ्यातला, असं मले वाटे."

ललित पुढे आला. आता जावई काय बोलणार म्हणून सगळे श्वास रोखून बसले. ललितनं नानांचे दोन्ही हात धरून उलटसुलट पाहिले.

"नाना, तुम्हाला कुठे लागलं तर नाही ना?"

नानांनी मान हलवली.

"बठ्ठं खोटं," तानुबाई म्हणाल्या. "पोतं गाडी चालाडस का कधी? मी मन्हा डोयाघाई देखेल शे. माणूस व्हता."

आता यावर काय करायचं? शेवटी ज्ञानेश्वर आप्पांनीच तोड काढली. ते म्हणाले, दाखवूनच द्या तिला. मग छगननं ती लाल गाडी ढकलत स्टेजसमोर आणली. मोनालीनं आधी स्वतः जाऊन चावी काढलेली आहे ना, पातं बंद आहे ना, हे तपासलं आणि जवळच्या माणसांना चार पावलं मागे सरकवलं. तोतारामनं शिल्लक पिठाचं एक पोतं आणून सीटवर ठेवलं. नानांनी आपली टोपी त्याच्या डोक्यावर घातली, उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि पोतं थोडं पुढे कलतं केलं. नवरीमुलगी, नवरदेव, फोटोवाला, सगळे बघायला खाली उतरले. दिपमालाला तर हसू आवरेना. तिच्या शालूचा पदर तोंडात गेला होता.

तानुबाईंना दोघांनी धरून जवळ आणलं. त्यांनी लांबून पाहिलं.

"हाऊच तो!" त्या ओरडल्या. "देखा, जित्ता शे!"

मग त्या आणखी जवळ गेल्या. हात पुढे करून त्यांनी ड्रायव्हरचा खांदा चाचपला. मग पोट चाचपलं. मग टोपी उचलून खालची सुतळीची गाठ पाहिली. त्यांच्या बोटांना पीठ लागलं. ते त्यांनी नाकाशी नेऊन हुंगलं. तीनशे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"हाऊ पोतं शे," त्या शेवटी म्हणाल्या.

"व्हय आक्का," नाना म्हणाले.

"पन हाऊ तो नही. तो दुपारना वेगळा व्हता. त्यानी बरगडीले बांबू लागेल व्हता, याले तर काहीच नही लागेल." एकदा मनात दया आली की ती अशी लगेच मागे घेता येत नाही, आणि तानुबाईंना तर त्या बिचाऱ्याची दुपारपासून काळजी लागून राहिली होती. "तो कोठे शे?"

नानांनी तोतारामकडे पाहिलं. तोतारामनं स्वयंपाकाच्या राहुटीकडे पाहिलं, जिथे दुपारपासून बट्ट्या उकडून, तळून परातीत रचून ठेवल्या होत्या.

"आक्का," नानांनी अदबीनं विचारलं, "तुमाले गोळी घ्यायची व्हती म्हणून माह्या पोरीनं पाच वाजता जेवायले वाढलं ना?"

"वाढं. वरण, भरीत, बट्टी."

"किती बट्ट्या खाल्ल्या?"

"दोन."

नानांनी फक्त दोन्ही हात जोडले.

तानुबाईंनी नानांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग हळूहळू स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलू लागले. आधी कोणाला वाटलं रडताहेत की काय, म्हणून आप्पा पुढे धावले. पण म्हातारी हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, नातीचा हात धरून, बोळक्या तोंडानं हसत होती. मग सगळं लॉन हसायला लागलं. पोलिसांचं नाव काढणारे काका तर खुर्चीचा आधार घेऊन हसत होते. त्या हसण्यातच अंगठ्या घातल्या गेल्या आणि फोटोवाल्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला "स्माइल" म्हणून सांगावं लागलं नाही. मे महिन्याची तारीख पक्की करूनच आप्पा ललितजवळून हलले.

पंगत बसली. नाना वाढायला उभे राहिले. तानुबाई वेळेवर गोळी घेऊन, जेवून मोकळ्या झाल्या होत्या, तरी त्या पंगतीच्या टोकाला येऊन बसल्या आणि त्यांनी नानांना बोटानं खूण करून जवळ बोलावलं.

"नाना, माणूस चांगला व्हता रे तो," त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि रिकामं ताट पुढे सरकवलं. "आखो एक बट्टी वाढ."